शहराचं गाव झालं त्याची गोष्ट: सँ-बेर्त्राँ-द-कोमँझ

फ्रान्सच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, पिरेनीज पर्वताच्या पायाशी सँ-बेर्त्राँ-द-कोमँझ नावाचं गाव आहे. लोकसंख्या जेमतेम अडीचशे. त्यातलेही बरेच जण टेकडीखालच्या वाड्यावस्त्यांमध्ये राहतात. वर तटाच्या आत कायम राहणारी घरं मोजकीच. आणि या एवढ्याशा वस्तीच्या डोक्यावर सुमारे ५५ मीटर लांब आणि २८ मीटर उंच असं कॅथेड्रल उभं आहे. गावातली सगळी माणसं, पाहुण्यारावळ्यांसकट आत नेऊन बसवली तरी ते रिकामंच वाटेल.

कॅथेड्रल म्हणजे जिथे बिशपची गादी असते ते चर्च, आणि बिशपची गादी शहरात असते. मग ती या खेड्यात कशी आली? उत्तर सोपं आहे: ती खेड्यात आलीच नव्हती, शहरातच होती. शहर तिच्याभोवतीनं ओसरत गेलं. खेड्याचं शहर झाल्याच्या कहाण्या पुष्कळ आहेत. इथे गाडी उलटी धावली आहे, आणि तीही एकदा नाही, दोनदा. दोन्ही वेळा कारण एकच होतं. या गावाचं पोट कधीच नुसत्या त्याच्या शेतीवर चाललं नाही. कधी रोम, कधी चर्च, कधी प्रवासी, असा बाहेरचा कुणीतरी खर्च करत राहिला आणि त्यानं हात आखडता घेतला की गाव आकसलं.

आधी जमीन पाहू, कारण पुढचं सगळं तिच्यातून निघतं. गारोन ही नैर्ऋत्य फ्रान्सची मोठी नदी उगम पावते स्पेनमध्ये, आरानच्या खोऱ्यात. तिथून ती उत्तरेला फ्रान्समध्ये उतरते, सँ-बेआजवळच्या संगमरवरी कड्यांमधून वाट काढते आणि वीसेक किलोमीटरवर, डोंगर संपता संपता, एका रुंद सपाट थाळ्यात येते. त्या थाळ्याच्या कडेला, मुख्य डोंगरापासून सुटलेली एक टेकडी आहे, समुद्रसपाटीपासून पाचशेहून थोडी अधिक मीटर उंच. तीच सँ-बेर्त्राँची टेकडी. त्यापुढे काही किलोमीटरवर मोंत्रेजोपाशी गारोनला नेस्त नदी मिळते, पण उत्तरेची वाट लानमेझाँच्या पठारानं अडवलेली असते. हे पठार म्हणजे पिरेनीजनंच लाखो वर्षं खाली लोटलेल्या गोट्या-मातीचा पंखा. म्हणून गारोन तिथे काटकोनात वळते, पूर्वेला सँ-गोदँसकडे जाते आणि मग तुलूझ गाठते.

नदी जिथे वळते तिथेच रस्तेही वळतात. दक्षिणेला आरानमार्गे स्पेन, पूर्वेला तुलूझ आणि भूमध्य समुद्र, पश्चिमेला अटलांटिकची बाजू. डोंगरातून उतरलेला माल इथे सपाटीला लागतो, सपाटीचा माल इथूनच चढणीला लागतो. घाटाच्या तोंडाशी पेठ वसावी हे कोणत्याही डोंगराळ मुलखात ठरलेलंच. अटलांटिककडून येणारे ढग याच डोंगराला अडतात, त्यामुळे पाऊस भरपूर, कुरणं हिरवीगार. मका, गवत, गुरं, मेंढ्या आणि वर जंगलाचं लाकूड एवढं इथली जमीन देते. खाऊनपिऊन सुखी राहण्यापुरतं ते पुरेसं आहे. २८ मीटर उंच कॅथेड्रल बांधण्यापुरतं मात्र नाही.

माणूस या भागात फार जुना. पाच-सहा किलोमीटरवरच्या गार्गासच्या गुहेत भिंतीवर हात टेकवून भोवती रंग फुंकलेले दोनशेहून अधिक पंजे आहेत, सुमारे २७ हजार वर्षांपूर्वीचे. त्यातल्या कित्येक पंजांची बोटं अर्धवट दिसतात. बोटं थंडीनं झडली, मुद्दाम तोडली की नुसती दुमडून एखादी खूण केली, यावर अभ्यासकांचा वाद अजून मिटलेला नाही. मला दुमडल्याची शक्यता पटते. शिकारीवर जगणारी माणसं स्वतःची बोटं इतक्या सढळ हातानं कशाला तोडतील!

लिखित इतिहास सुरू होतो इसवी सनापूर्वी ७२ मध्ये. रोमन सेनापती पॉम्पी स्पेनमधलं सेर्टोरियसचं बंड मोडून परत निघाला होता. डोंगर उतरल्यावर त्यानं या टेकडीपाशी एक वसाहत केली. तिचं नाव लुग्दुनुम कॉन्वेनारुम. लुग्दुनुम हे केल्टिक नाव. त्यातला 'दुनुम' म्हणजे गढी. आजच्या लिऑं शहराचंही जुनं नाव हेच होतं. कॉन्वेनी म्हणजे एकत्र गोळा झालेले लोक. कॉन्वेनीचंच पुढे घासून कोमँझ झालं, आणि आजही या सगळ्या मुलखाला कोमँझ म्हणतात.

हे 'गोळा झालेले' लोक नेमके कोण, यावर एक जुनी कुचाळकी आहे. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला संत जेरोमचं विजिलांतियस नावाच्या धर्मगुरूशी कडाक्याचं भांडण झालं. हा विजिलांतियस इकडचाच. तेव्हा जेरोमनं त्याचं कूळ काढलं: पॉम्पीनं पिरेनीजच्या शिखरांवरून खाली आणून एका गावात कोंडलेल्या लुटारूंची ही औलाद. गावाच्या स्थापनेबद्दल लिहिताना हे वाक्य हमखास उद्धृत होतं. पण भांडणात काढलेलं कूळ आणि इतिहास यांत फरक करायला हवा. जेरोम पॉम्पीनंतर साडेचारशे वर्षांनी लिहीत होता, आणि रागानं. पॉम्पीनं विखुरलेल्या डोंगरी टोळ्यांना सपाटीला आणून एका ठाण्याखाली बांधलं एवढं त्यातून घ्यावं. खिंडीच्या तोंडाशी आपला माणूस बसवायचा, हा त्यामागचा साधा लष्करी हिशोब.

पुढच्या दोन शतकांत या ठाण्याचं भरभक्कम शहर झालं. भूगोलकार स्ट्रेबो सांगतो की कॉन्वेनींना लॅटिन हक्क मिळाले होते, म्हणजे गावचा कारभार पाहणाऱ्यांना रोमन नागरिकत्वाचा दरवाजा उघडा होता. टेकडीच्या पायथ्याच्या सपाटीवर, आज जिला ल प्लाँ म्हणतात तिथे, देऊळ आणि त्यापुढचा चौक, सार्वजनिक स्नानगृहं, दुकानांची बंदिस्त मंडई असं सगळं उभं राहिलं, आणि टेकडीच्या उतारात प्रेक्षागृह कोरलं गेलं. लोकसंख्या पाच ते दहा हजारांच्या दरम्यान असावी असा अंदाज केला जातो. म्हणजे कमीत कमी धरली तरी आजच्या वीसपट.

हे शहर कशावर चाललं? पहिली गोष्ट संगमरवर. सँ-बेआचा पांढरा दगड रोमन काळापासून काढला जातो, आणि तो जड माल खाली आणायला गारोन हाताशी होती. शहरातल्या इमारतींपासून थडग्यांपर्यंत जिथे तिथे हाच दगड दिसतो. दुसरी गोष्ट उष्णोदकाचे झरे. वरच्या खोऱ्यातल्या ल्युशोंच्या झऱ्यांची कीर्ती रोमन काळातच पसरलेली होती. तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत मोठी, राज्यानं ओतलेली रक्कम. त्याचा ढळढळीत पुरावा १९२६ मध्ये देवळाच्या आसपास मिळाला: सम्राट ऑगस्टसच्या विजयस्मारकाचे तुकडे. आक्टियमची सागरी लढाई, स्पेन आणि गॉल (म्हणजे साधारण आजचा फ्रान्स) जिंकल्याची शेखी, जखडलेले कैदी, विजयदेवता, सगळं सँ-बेआच्या दगडात. डोंगरातल्या लोकांनी येता-जाता ते पाहावं आणि मालक कोण ते विसरू नये, यासाठीच ते होतं. अशी स्मारकं बाजाराच्या नफ्यातून उभी राहत नाहीत.

इथे एका कैद्याची आठवण ओघानं येते, आणि गावाला ती फार प्रिय आहे. गॅलिलीचा राजा हेरॉद अँटिपस, ज्यानं बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचं डोकं उडवलं, त्याला सम्राट कॅलिग्युलानं इसवी सन ३९ मध्ये हद्दपार केलं. इतिहासकार जोसेफस एका ठिकाणी सांगतो की त्याला गॉलमधल्या लुग्दुनुमला पाठवलं, दुसऱ्या ठिकाणी सांगतो की तो स्पेनमध्ये मेला. दोन्ही विधानं जुळवायची तर स्पेनच्या सीमेजवळचं लुग्दुनुम हवं, म्हणजे हेच. तर्क सुंदर आहे, पण तो तर्कच. लिऑंवाले आपला हक्क सोडायला तयार नाहीत, आणि हेरॉदचं थडगं कुणालाच सापडलेलं नाही.

चौथ्या-पाचव्या शतकात रोमची पकड सैल झाली. खिंडीवर पहारा ठेवायला पैसे देणारा उरला नाही तसं सपाटीवरचं शहर विरळ होऊ लागलं. लोक टेकडीवर सरकले आणि वर तट बांधला गेला. खाली ल प्लाँमध्ये मात्र पाचव्या शतकात ख्रिस्ती उपासनेसाठी एक बासिलिका, म्हणजे लांबट सभागृहासारखं चर्च, उभी राहिली, म्हणजे खालचं शहर एका फटक्यात मेलं नव्हतं. गाव टेकडीखालून टेकडीवर आणि परत खाली अशा येरझाऱ्या पुढेही घालत राहिलं. सुबत्ता असली की सपाटी, भीती असली की टेकडी.

५८५ साल भीतीचं होतं. त्या वर्षाची हकिकत तूरचा बिशप ग्रेगरी यानं लिहून ठेवली आहे आणि ती एखाद्या बखरीसारखी वाचावी. गुंदोवाल्द नावाचा एक दावेदार, आपण फ्रँक राजा क्लोथारचा मुलगा असं सांगत, कॉन्स्टँटिनोपलहून आला. काही सरदार त्याला मिळाले आणि त्यांनी ढालीवर उचलून त्याला राजा केलं. बर्गंडीचा राजा गुंत्राम चालून येताच हे सगळे मागे हटत या टेकडीवर येऊन बसले. ग्रेगरी जागेचं वर्णनही करतो: सुटी टेकडी, पायथ्याशी मोठा झरा, झऱ्यावर बुरूज आणि वरून झऱ्यापर्यंत झाकलेली वाट, म्हणजे शत्रूला न दिसता पाणी भरता यावं. धान्य इतकं साठवलेलं की वर्षानुवर्षं पुरावं.

मग गुंदोवाल्दनं जे केलं ते गावाच्या दृष्टीनं सगळ्यात वाईट. शत्रू आलाय, बाहेर पडून त्याला तोंड द्या, असं त्यानं शहरवासीयांना सांगितलं. ते बाहेर पडताच मागे वेशीचे दरवाजे लावून घेतले. धान्य आत, धान्याचे मालक बाहेर. वेढा मात्र धान्य संपण्यापर्यंत टिकलाच नाही, कारण त्याचेच सरदार फितूर झाले. मुमोलुस या सेनापतीनं त्याला बोलणी करायला म्हणून वेशीबाहेर नेलं, तिथे त्याला उतारावर ढकलण्यात आलं आणि बोसो नावाच्या सरदारानं डोक्यात दगड घालून मारलं. नंतर गुंत्रामच्या सैन्यानं आत शिरून सरसकट कत्तल केली आणि शहर जाळलं. फितूर मुमोलुसही जिवंत सुटला नाही.

जळालेलं शहर पाचशे वर्षं जवळजवळ गप्प होतं. ग्रेगरीचं सगळं खरं मानावं का, याबद्दल उत्खनन करणारे सावध असतात. सपाटीवरची पडझड वेढ्याच्या आधीच सुरू झाली होती. पण एक गोष्ट टिकली, बिशपची गादी. शहर नाममात्र राहिलं तरी कोमँझचा बिशप हे पद कागदोपत्री राहिलं, आणि पुढच्या भरभराटीचं बी तेवढंच होतं.

अकराव्या शतकाच्या शेवटी, १०८३ च्या सुमारास, बेर्त्राँ द लिल हा बिशप झाला. आईकडून तुलूझच्या काउंटांशी नातं असलेल्या सरदार घराण्यातला हा माणूस चाळीस वर्षं, ११२३ मध्ये मरेपर्यंत, गादीवर होता. रोमन दगडांच्या ढिगाऱ्यावर त्यानं नवं कॅथेड्रल बांधायला घेतलं, सोबत पुरोहितांचं मंडळ बसवलं. त्याच्या मृत्यूनंतर चमत्कारांच्या कथा पसरल्या, थडग्यावर यात्रेकरू येऊ लागले, तेराव्या शतकात तो संत ठरला आणि गावाला त्याचंच नाव चिकटलं. लुग्दुनुम कायमचं गेलं.

बाराव्या शतकात बांधलेलं ओवऱ्यांचं अंगण, म्हणजे क्लॉइस्टर, आजही आहे. अशी अंगणं चारी बाजूंनी बंद असतात, कारण संन्याशानं बाहेर बघू नये अशी त्यामागची कल्पना. इथे दक्षिणेची बाजू उघडी आहे. कमानींतून समोरचा रानाचा डोंगर थेट दिसतो. एका खांबाऐवजी तिथे चार शुभवर्तमानकार, म्हणजे येशूची कहाणी लिहिणारे चार संत, एकमेकांना पाठ लावून उभे केले आहेत. पाहणारे त्यांच्यासमोर रेंगाळतात. मला त्यांच्यामागच्या डोंगराचं अप्रूप जास्त.

खालच्या सपाटीवर, शेजारच्या वाल्काब्रेर गावात, सँ-ज्युस्तचं चर्च आहे. सरूच्या झाडांत आणि कबरींमध्ये एकटं उभं असलेलं, मुख्य वेदीची प्रतिष्ठापना १२०० सालची. हे चर्च जवळजवळ संपूर्णपणे रोमन शहराच्या भंगारातून बांधलेलं आहे: खांब, शिल्पं, थडग्याचे दगड, शिलालेखांचे तुकडे, हाताला लागेल ते भिंतीत बसवलेलं. संगमरवराची खाण वीस किलोमीटरवर, पण पडकं शहर हाताशी. गवंड्यांनी शहाणपणाचाच मार्ग धरला. वरच्या भव्य कॅथेड्रलपेक्षा हे छोटं चर्च या जागेचा इतिहास अधिक प्रामाणिकपणे सांगतं असं माझं मत आहे.

दुसऱ्या भरभराटीचा कळस मात्र एका माजी बिशपनं चढवला. बेर्त्राँ द गो हा १२९५ ते १२९९ कोमँझचा बिशप होता, मग बोर्दोचा आर्चबिशप झाला आणि १३०५ मध्ये क्लेमेंट पाचवा या नावानं पोप. १३०४ पासून त्यानं इथे जुन्या चर्चच्या जागी उंच गॉथिक बांधकाम सुरू करवलं होतं. पोपची गादी रोमऐवजी दक्षिण फ्रान्समधल्या आविन्योंला नेणारा हाच पोप. १३०९ च्या हिवाळ्यात, आविन्योंच्या वाटेवर, तो वाट वाकडी करून या टेकडीवर आला आणि संत बेर्त्राँचे अवशेष त्यानं स्वतः नव्या जागी ठेवले. त्यानं दिलेली भरजरी प्रार्थनावस्त्रं, इंग्लंडच्या नामांकित भरतकामाची, कॅथेड्रलच्या खजिन्यात अजून आहेत. पोपच्या हातानं झालेला समारंभ, यात्रेकरूंना मिळणारी पापक्षमा यांचा सरळ अर्थ म्हणजे पुढची कित्येक वर्षं धर्मशाळा, खानावळी, मेणबत्त्यावाले आणि चांभार यांना काम. चौदाव्या शतकाच्या मध्याला, प्लेगची साथ येऊन गेल्यावर, कॅथेड्रल पुरं झालं.

यात्रेकरूंना थक्क करायला चर्चमध्ये काय काय होतं! भिंतीवर टांगलेली पेंढा भरलेली मगर अजून आहे. डोंगरातल्या दरीत माणसं गिळणारा राक्षसी प्राणी संतानं काठीनं जिंकला तो हाच, असं लोक सांगत. बहुधा पूर्वेकडून परतलेल्या कुणा यात्रेकरूनं वाहिलेला तो नवस असावा. दुसरी चीज म्हणजे 'एकशिंग्याचं शिंग', प्रत्यक्षात नारव्हाल या उत्तर समुद्रातल्या माशासारख्या सस्तन प्राण्याचा पिळदार दात. विषावर उतारा म्हणून त्या काळी अशा दाताला सोन्याचं मोल होतं.

यात्रा हे उत्पन्नाचं दिसणारं अंग. न दिसणारं अंग दशमांशाचं. बिशप आणि त्याचं पुरोहित मंडळ यांच्या अधिकारातल्या गावांतून पिकाचा ठरावीक वाटा चर्चला येई, आणि कोमँझच्या बिशपचं क्षेत्र डोंगर ओलांडून थेट आरानच्या खोऱ्यापर्यंत होतं. राजकीय सीमा मध्ये आली तरी आरान अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत याच बिशपच्या हाताखाली राहिलं. दोन देशांतलं धान्य, लोकर आणि पैसा अशा रीतीनं एका टेकडीकडे वाहत होता, आणि खर्च करणारे पुरोहित, त्यांचे नोकरचाकर, वकील, कारागीर इथे राहत होते.

डोंगरी लोकांनी या सीमेचा आपला वेगळा बंदोबस्त केला होता. उन्हाळ्यात कळप वर न्यायचे, तर कुरणं सीमेच्या दोन्ही बाजूंना. मीठ, तेल, लोकर, खेचरं यांचा व्यापारही दोन्हीकडचा. राजे लढत राहतील, आपण उपाशी का मरायचं? म्हणून दोन्ही उतारांवरच्या खोऱ्यांनी आपापसांत करार केले की लढाई लागली तरी चराई आणि व्यापार चालू राहील. २२ एप्रिल १५१३ रोजी प्लाँ दारेम या सीमेवरच्या जागी झालेला करार त्यांतला नामांकित. फ्रान्स आणि स्पेनच्या दरबारांनी तो बराच काळ चालू दिला, कारण डोंगर ताब्यात ठेवण्याचा याहून स्वस्त उपाय त्यांच्याकडेही नव्हता.

सोळाव्या शतकात बिशप झाँ द मोलेऑं यानं चर्चच्या आत लाकडाचं दुसरं चर्चच बांधलं म्हणायला हवं. १५३५ च्या नाताळात खुली झालेली ही ६६ कोरीव आसनं आणि भोवतीचा लाकडी पडदा म्हणजे पुरोहितांसाठी राखलेली खोली. यात्रेकरू बाहेर, मानाचे लोक आत. आसनाची फळी उचलली की खाली एक छोटा टेकू असतो. लांब प्रार्थनेत उभं राहून पाय दुखले तर त्यावर हळूच टेकता यावं. त्या टेकूंच्या पोटात सुतारांनी भांडखोर संन्यासी आणि नाना थट्टा कोरल्या आहेत. ज्या जागी पुरोहितांची बैठक टेकायची तिथेच नेमक्या. शतकाच्या मध्यावर आलेला कोपऱ्यातला भव्य ऑर्गनही त्याच सुबत्तेचा.

१५८६ मध्ये धर्मयुद्धांच्या धामधुमीत ह्युगनो, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट, सैन्यानं गाव जिंकून लुटलं. गाव त्यातूनही सावरलं, कारण उत्पन्न कायम होतं. दोनशे वर्षांनी ते कायम राहिलं नाही.

१७८९ मध्ये क्रांतिकारी संसदेनं दशमांश रद्द केला, चर्चची मिळकत सरकारजमा केली. १७९० मध्ये जी बिशपपदं बरखास्त झाली त्यांत कोमँझ होतं, आणि नेपोलियन आणि पोप यांच्यातल्या १८०१ च्या कराराने हा मुलूख तुलूझच्या आर्चबिशपकडे गेला. नव्या प्रशासनाची कचेरी सँ-गोदँसला गेली. तटाच्या आत राहणाऱ्या एका छोट्या शहराचा मालक, गिऱ्हाईक आणि अन्नदाता एकाच दशकात नाहीसा झाला. रोम गेलं तेव्हा शहर ओसरायला दोन शतकं लागली होती. या वेळी एक पिढी पुरली.

एकोणिसाव्या शतकात उरलं ते शेतकऱ्यांचं गाव, आजच्यापेक्षा मोठं, पण गावच. शतकाच्या मध्यापर्यंत पिरेनीजच्या खोऱ्यांत माणसं इतकी झाली की जमीन पुरेना, त्यात बटाट्याचा रोग आला. कोमँझचे लोक बाहेर पडले. आस्पेच्या बाजूचे फेरीवाले पाठीवर पेटी बांधून पुस्तकं, चित्रं, चष्मे विकत फ्रान्सभर हिंडत. रेल्वे १८६२ मध्ये मोंत्रेजोला आली आणि १८७३ मध्ये तिथून ल्युशोंपर्यंत गेली. फाटा सँ-बेर्त्राँच्या जवळून गेला, गावातून नाही. उष्णोदकावर जाणारे श्रीमंत लोक खिडकीतून टेकडीवरचं कॅथेड्रल पाहत पुढे जात. त्याच गाडीनं गावची तरुण मंडळी तुलूझ गाठत. रेल्वेनं आणलं थोडं, नेलं जास्त. पहिल्या महायुद्धानं उरलेले तरुण नेले. दगडी स्मारकावरची नावांची यादी त्या काळच्या प्रत्येक फ्रेंच खेड्यात गावाच्या मानानं फार लांब असते.

विसाव्या शतकात रोजगार आला तोही जवळपास, पण गावात नाही. १९३९ मध्ये सँ-गोदँसजवळ सँ-मार्से इथे नैसर्गिक वायू सापडला, फ्रान्समधला त्या प्रकारचा पहिला मोठा साठा. युद्धानंतर सँ-गोदँसला कागदाच्या लगद्याचा कारखाना निघाला आणि कोमँझच्या जंगलांना गिऱ्हाईक मिळालं. कारखाना, दवाखाना, शाळा, कचेऱ्या सगळं तिकडे. सँ-बेर्त्राँमधून माणसं सकाळी गाडी काढून जातात, संध्याकाळी परत येतात.

गावात जे उरलं ते जमिनीखाली. ल प्लाँचा शेतकरी नांगर घाली तेव्हा फाळाला संगमरवर लागे, हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांनी शिलालेख गोळाही केले. पण शिस्तीत खणायला सुरुवात विसाव्या शतकात झाली, आणि त्यातलं मोठं नाव आहे गावच्या शाळामास्तरांचं, बेर्त्राँ सापेन. १९२० च्या सुमारास सुरुवात करून त्यांनी आयुष्यातली कित्येक दशकं या सपाटीवर घालवली. देऊळ, स्नानगृहं, मंडई, विजयस्मारक यांचा नकाशा मुख्यतः त्यांच्या खटपटीतून तयार झाला. त्यांच्या पद्धतीत आजचे पुरातत्त्वज्ञ खोट काढतात: भिंती शोधताना थरांची नोंद राहून गेली. खोट खरी आहे, पण मास्तर नसते तर नोंद करायला काही उघडं तरी झालं असतं का? १९८० च्या दशकापासून विद्यापीठांच्या तुकड्यांनी नव्यानं खोदून कालक्रम बराच दुरुस्त केला. तरी शहराचा मोठा भाग अजून गवताखालीच आहे, आणि त्या गवतावर गुरं चरतात.

गावाचा तिसरा अन्नदाता म्हणजे पर्यटक. टेकडीवर पूर्वी ऑलिव्हेतान संन्याशांचा मठ होता. त्या इमारतीत आज ऑगस्टसच्या स्मारकाचे तुकडे मांडलेले आहेत आणि पर्यटकांचं स्वागत होतं. १९७५ पासून दर उन्हाळ्यात कोमँझचा संगीत महोत्सव भरतो आणि सोळाव्या शतकातला ऑर्गन पुन्हा वाजतो. १९९८ मध्ये युनेस्कोनं स्पेनमधल्या सांतियागो द कॉम्पोस्तेला या तीर्थाकडे जाणाऱ्या फ्रान्समधल्या यात्रामार्गांना जागतिक वारसा ठरवलं, त्यात सँ-बेर्त्राँचं कॅथेड्रल आणि वाल्काब्रेरचं चर्च दोन्ही आली. ज्या वाटेवर ती आहेत तिला 'पायथ्याची वाट' असंच नाव आहे, कारण ती पिरेनीजच्या पायाला धरून पश्चिमेकडे जाते. पाठपिशवी लावलेले यात्रेकरू परत येऊ लागले, बेर्त्राँ बिशपच्या काळासारखे, फक्त आता बरेचसे श्रद्धेपेक्षा चालण्याच्या हौसेनं.

पोपचा पैसा बारमाही होता, पर्यटकाचा नाही. जुलै-ऑगस्टमध्ये वेशीच्या आत पाय ठेवायला जागा नसते. गाड्या खाली ठेवून लोक चढण चढतात, नाहीतर पर्यटकांच्या छोट्या आगगाडीतून वर येतात. नोव्हेंबरात कित्येक घरांच्या खिडक्यांची दारं बंद होतात, कारण मालक तुलूझला किंवा पॅरिसला असतात. जुनी लाकूडचौकटीची घरं सुट्टीपुरती वापरणाऱ्यांनी विकत घेतली तशी त्यांची किंमत वाढली आणि तरुण जोडप्याला तटाच्या आत घर घेणं अवघड झालं. ती जोडपी खाली सपाटीवर राहतात, जिथे बाग करता येते आणि गाडी दारात लागते. म्हणजे गाव पुन्हा एकदा टेकडी उतरलं, या वेळी भीती नाही म्हणून नव्हे, तर वरचं घर परवडत नाही म्हणून.

१८७३ चा ल्युशोंचा फाटा रुळांची अवस्था वाईट झाल्यानं २०१४ मध्ये बंद पडला होता. जवळपास अकरा वर्षं लोकांना बसवर भागवावं लागलं. ऑक्सितानी प्रांतानं खर्च उचलून २०२५ मध्ये तो पुन्हा सुरू केला. सँ-बेर्त्राँचं जवळचं स्टेशन लूर-बार्बाझाँ, टेकडीपासून काही किलोमीटरवर. तिथून पुढे वाट वाल्काब्रेरच्या शेतांमधून जाते, आणि उन्हाळा असेल तर सँ-ज्युस्तच्या सरूंपासून कॅथेड्रलच्या बुरुजापर्यंत दोन्ही हाताला मका उभा असतो.